पोतं कुणाचं, मोजणारा कुणाचा?

दोस्तहो, धुळ्याची १०२ नंबरची खोली ध्यानात ठेवा.

२१ मे २०२५. गुलमोहर सरकारी विश्रामगृह. महाराष्ट्र विधिमंडळाची अंदाज समिती धुळे जिल्ह्याच्या दौऱ्यावर आलेली. अंदाज समिती म्हणजे कोण? सरकारनं कोणत्या कामाला किती पैसा मागितला, तो कुठं लावला, कुठं उधळला, हे जनतेच्या वतीनं तपासणारे आमदार. रस्ते बघायचे, बंधारे बघायचे, अधिकाऱ्यांना फैलावर घ्यायचं, ही त्यांची ड्युटी. आणि त्या समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावावर असलेल्या खोलीला माजी आमदार अनिल गोटेंनी कुलूप ठोकलं आणि बाहेर ठिय्या मारला. रात्री दार उघडलं. आत निघाले १ कोटी ८४ लाखांच्या वर रुपये. रोख. करकरीत.

अध्यक्ष होते आपल्या शेजारच्या जालन्याचे आमदार अर्जुन खोतकर. या पैशाशी माझा संबंध नाही, असं ते म्हणाले. सहायक निलंबित झाला. एसआयटी जाहीर झाली. गोटेंचा आरोप असा की ही रक्कम समितीला द्यायला गोळा केलेली होती. कुणाचा गुन्हा किती, ते ठरवणारे ठरवोत. आपला सवाल अडाणी माणसाचा आहे. तपासायला आलेल्यांच्या मुक्कामी एवढी रोकड आलीच कामून? नोटांना पाय फुटत नसतात. कुणीतरी आणली. कुणासाठी तरी आणली.

पांढरपेशांनी चार दिवस हळहळ केली. लोकशाहीचं पावित्र्य, संसदीय परंपरा, वगैरे वगैरे. पाचव्या दिवशी क्रिकेट. त्यांना हा अपवाद वाटला. मला तो नियम वाटतो. एरवी दार बंद असतं, त्या रात्री उघडलं, एवढाच फरक.

गोदीत माल उतरतो तेव्हा टॅलीवाले दोन असतात. एक जहाजाचा, एक किनाऱ्याचा. दोघं आपापल्या कागदावर रेघा ओढतात आणि पाळी संपल्यावर आकडे ताडून बघतात. जुळले नाहीत तर बोंब होते. दोन कामून? कारण ज्याचा माल त्यानंच मोजला तर तो म्हणेल तितकी पोती. हे गणित चौथी नापास हमालालाही कळतं. आणि सहा लाख कोटींहून मोठं बजेट मांडणाऱ्या राज्याला कळत नाही? कळतं. चांगलं कळतं. म्हणूनच दोन्ही टॅलीवाले एकाच मालकाच्या पगारावर ठेवलेत.

मालक कोण, ते बघू.

सरकारी ठेका म्हणजे काय? घटनेचं कलम २९९ काढा. राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावानं होतो. राज्यपाल काही सिमेंट कालवत नाहीत. त्यांच्या नावानं म्हणजे राज्याच्या नावानं, म्हणजे तुमच्या-माझ्या नावानं. पाथरीची ऊसतोड बाई, जिंतूरचा सालगडी, मानवतच्या जिनिंगमधला हमाल, हे सगळे त्या कराराचे मालक. सही भलत्याची, नाव राज्यपालाचं, पैसा आपला. तुम्ही म्हणाल, आपण कुठला टॅक्स भरतो? साबणाची वडी घेतली, टॅक्स. बिडीचं बंडल, टॅक्स. पोराची चप्पल, टॅक्स. उपाशी माणूससुद्धा या देशात फुकट जगत नाही.

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिलेला माणूस तो. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत महालेखापालाच्या कलमावर बोलताना त्यांनी सांगितलं की घटनेतला बहुधा हाच सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे. न्यायखात्यापेक्षाही त्याचं काम मोठं आहे, आणि न्यायखात्याला मिळतं तितकं स्वातंत्र्य त्याला मिळत नाही याचं दुःख आहे. किती जयंत्या झाल्या, किती डीजे वाजले! या भाषणाचा एक फ्लेक्स कुणी लावला का? बाबासाहेबांना कोटात उभं केलं, हातात पुस्तक दिलं, बोट वर केलं. बोट कुठं दाखवतंय ते बघायला कुणाला सवड नाही. दोस्तहो, ते बोट तिजोरीकडंही आहे.

घटनेनं साखळी नीट बांधली. महालेखापाल तपासणार. कलम १५१ प्रमाणं अहवाल राज्यपालांकडं, तिथून विधिमंडळाच्या टेबलावर. टेबलावरून लोकलेखा समितीकडं. समिती सचिवांना बोलावून जाब विचारणार. लोकसभेत १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाला द्यायची पद्धत पडली. कागदावर बघितलं तर कडी न् कडी पक्की.

आता तीच साखळी हातात धरून ओढा.

पहिली कडी वेळेची. काम होऊन, बिलं निघून, ठेकेदाराच्या पोराचं लग्न होऊन बंगला बांधून झाल्यावर अहवाल येतो. तो बहुतेक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी टेबलावर आपटला जातो, आमदार बॅगा भरत असतात तेव्हा. दुसरी कडी अंधाराची. समितीच्या बैठका बंद दाराआड. संसदेच्या वित्तीय समित्यांसमोर मंत्र्याला बोलावतच नाहीत. सचिव येतो, वाकतो, जातो. तिसरी कडी दातांची. समितीनं केली ती शिफारस. ऐकली तर ऐकली. आणि चौथी कडी सगळ्यात कुजकी. समितीत बसलेला आमदार कुणाच्या तिकिटावर आला? पक्षाच्या. पक्ष कुणाच्या पैशावर चालतो? ज्याच्या बिलाची तपासणी करायची त्याच्या. झालं. फिरून भोपळे चौकात.

त्यात २०२४ च्या विधानसभेचा निकाल बघा. २८८ मध्ये विरोधातल्या एकाही पक्षाला २९ जागा मिळाल्या नाहीत. निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेत्याची खुर्चीच रिकामी राहिली. किनाऱ्याचा टॅलीवाला कामावरूनच काढून टाकला.

पुढारी म्हणतील, हे सगळं हवेतलं बोलणं. चला, पाण्यातलं बोलू.

परभणी जिल्हा म्हणजे जायकवाडीचं शेपूट. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ ला पैठणला पायाचा दगड ठेवला, इंदिरा गांधींनी १९७६ ला उद्घाटन केलं. डावा कालवा दोनशे किलोमीटरच्या वर लांब, आपल्या जिल्ह्यात येईतो त्याच्या पाण्याचा जीव जातो. सेलू तालुक्यात दुधनेवर धरण बांधलं. निम्न दुधना. २०१६ साली केंद्र सरकारनं देशातल्या ९९ रखडलेल्या सिंचन प्रकल्पांची यादी काढली, त्यात हे नाव होतं. आजा गेला, बाप गेला, प्रकल्प चालूच. बांधाची माती वाढत नाही, अंदाजपत्रक मात्र वाढतं. त्याला ते म्हणतात सुधारित प्रशासकीय मान्यता. आम्ही म्हणतो बाळंत होणारी फाईल. दर चार-पाच वर्षांनी एक पोर.

मग २०१२ साल उजाडलं. सरकारच्याच आर्थिक पाहणीतून निघालेला आकडा गाजला: दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटी, आणि ओलिताचं क्षेत्र वाढलं ०.१ टक्का. विजय पांढरे नावाच्या मुख्य अभियंत्यानं सरकारला आणि राज्यपालांना पत्र लिहून निविदा कशा फुगतात ते मांडलं. २५ सप्टेंबर २०१२ ला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला. ७ डिसेंबरला परत शपथ. अडीच महिन्यांचा वनवास, रामापेक्षा स्वस्त. माधवराव चितळेंची समिती बसली. विरोधातल्या भाजपवाल्यांनी बैलगाडीभर पुरावे नेले. २०१४ ला तेच सत्तेत आले, लाचलुचपत खात्याची चौकशी लावली. पाच वर्षं फायली उंदरांनी वाचल्या. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे त्याच अजित पवारांनी त्याच भाजपबरोबर शपथ घेतली आणि दोन दिवसांत नऊ चौकशा बंद झाल्याचा कागद बाहेर पडला. खातं म्हणालं, त्या नऊ प्रकरणांचा पवारांशी संबंध नव्हता. डिसेंबरात नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दाखल झालं: त्यांचा दोष आढळला नाही.

बरं. दोष त्यांचा नव्हता असं धरू. मग कुणाचा? ७० हजार कोटी काय गोदावरीत वाहून गेले? गोदावरीत तरी पाणी कुठं होतं? बैल मेले, गाडी मोडली, पुरावे कुठल्या गोठ्यात पडलेत, ते विचारायला सभागृहात एक मायचा लाल उठला नाही. उठणार कसा? जो काल आरोप करत होता तो आज मांडीला मांडी लावून बसला.

दुसरी गोष्ट ठाण्याची. घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत रस्ता, मिळून सुमारे १४ हजार कोटींचं काम. निविदेत एका मोठ्या कंपनीला तांत्रिक मुद्द्यावर बाहेर काढलं. ती कंपनी म्हणजे लार्सन अँड टुब्रो. ती कोर्टात गेली. तिथं कळलं की बाहेर काढलेलीची किंमत सगळ्यात कमी धरलेलीपेक्षा तीन हजार कोटींहून जास्त कमी होती. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं विचारणा केली, आणि मे २०२५ च्या अखेरीस एमएमआरडीएनं दोन्ही निविदाच मागं घेतल्या. जिची निविदा सगळ्यात कमी धरली होती ती मेघा इंजिनीअरिंग. निवडणूक रोख्यांच्या यादीत ९६६ कोटींचे रोखे घेऊन देशात दुसऱ्या नंबरवर होती, तीच.

आता सांगा, ही तीन हजार कोटींची गोम कुणी काढली? अंदाज समितीनं? लोकलेखा समितीनं? आमदारांनी? नाही. पाकीट हुकलेल्या दुसऱ्या धनदांडग्यानं! दोन मोठे भांडले म्हणून गरिबाच्या खिशातले पैसे वाचले. भांडले नसते तर? दोघांनी वाटून खाल्लं असतं तर? आपली राखण करायला आता एका लांडग्यावर दुसरा लांडगा तेवढा उरलाय.

आणि इथंच पक्षाचा धागा हाती लागतो.

कंपन्यांनी पक्षाला पैसा द्यायला १९६९ ला बंदी घातली. पैसा थांबला का? तो मागच्या दारानं आला. १९८१ ला मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट गाजलं. ट्रस्टला देणगी द्या, सिमेंटचा कोटा घ्या. जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि गादी गेली. १९८५ ला कंपन्यांना दार परत उघडलं. २०१७ ला तर भिंतच पाडली: कंपनीनं नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावं ही मर्यादा काढली आणि देणाऱ्याचं नाव झाकणारे निवडणूक रोखे आणले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं रोखे घटनाबाह्य ठरवले. तोवर साडेसोळा हजार कोटींचे विकून झाले होते. एप्रिल २०१९ पासूनचा जो हिशोब उघडा पडला त्यात भाजपला सहा हजार कोटींवर, तृणमूलला सोळाशे कोटींवर, काँग्रेसला चौदाशे कोटींवर. ठेका आणि रोखा यांचा संबंध तपासा म्हणून लोक परत कोर्टात गेले. ऑगस्ट २०२४ ला कोर्टानं एसआयटी नेमायला नकार दिला. चोरी बेकायदा ठरली, माल चोराच्या घरीच राहिला.

पक्षावर कायदा काय आहे? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ. नोंदणी करताना पक्षानं लिहून द्यायचं, की आम्ही संविधानाशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाहीशी निष्ठावंत राहू. आणि नाही राहिला तर? २००२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणी फसवणुकीनं मिळवली असेल असे थोडे प्रसंग सोडले तर ती रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही. म्हणजे शपथ घ्या, विसरा, कुणी विचारणार नाही. २० हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव आयोगाला कळवायला नको. अटी पाळल्या की इन्कम टॅक्स माफ. ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, दोन्ही कम्युनिस्ट आणि आपली बसपासुद्धा. एकमेकांच्या नरडीला लागणारे हे सहा जण त्या दिवशी एक झाले. एकानंही आदेश पाळला नाही. हिशोबाचं नाव काढलं की डावा-उजवा, भगवा-निळा, सगळे एका ताटात.

आता आपल्या वस्तीत या. बौद्धवाड्यातल्या जयंती मंडळानं वर्गणी काढली तर पाच रुपयांचीसुद्धा पावती फाडावी लागते. जयंती झाली की समाजमंदिरात फळ्यावर हिशोब. मांडव इतका, बॅन्ड इतका, खिचडीचा तांदूळ इतका. पन्नास रुपये जुळले नाहीत तर म्हातारी उठून विचारते, अन् बाप्पा, पन्नास कुठं गेले? अध्यक्षाला घाम फुटतो. मंडळाची नोंदणी केली की धर्मादाय आयुक्ताकडं हिशोब. आणि हजारो कोटी गिळणाऱ्या पक्षाला ना फळा, ना खडू, ना ती म्हातारी!

उलट, कायद्याचा हात कुणाच्या गळ्यापर्यंत लांब होतो ते बघा. जुलै २०२५ ला विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संघटना बेकायदा ठरवायची, तिची जागा ताब्यात घ्यायची, पैसा गोठवायचा. अर्बन नक्षल, अर्बन नक्षल म्हणत पास केलं. म्हणजे तरुणांची संघटना बंद करायला कायदा आहे, तिची वर्गणी जप्त करायला कायदा आहे. सत्ताधारी पक्षाची तिजोरी नुसती उघडून बघायला मात्र कायदा नाही. लोकशाही म्हणतात तिला!

एवढं वाचून कुणी म्हणेल, आपल्याला काय करायचं? आपण ना ठेकेदार, ना आमदार. कालव्याचं पाणी आलं तरी ज्याला जमीन त्याला. आपल्याला गायरानाचा तुकडा, तोही अतिक्रमण. खरं हाये. पण बाबांनो, तिजोरीला भोक पडलं की पहिलं पाणी कुणाचं आटतं? मे २०२५ ला सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानं, संजय शिरसाटांनी, जाहीर बोंब मारली. बहिणीला द्या, जरूर द्या, तिच्यात आमच्याही मायबहिणी आहेत. पण ठेकेदाराच्या वाढीव बिलातून द्या ना! तिथं हात लागत नाही. हात लागतो हॉस्टेलच्या पोराच्या ताटाला, शिष्यवृत्तीला.

आणि नावं तरी आमचीच वापरतात. छोट्या सरकारी कामांत मजूर संस्थांचा वाटा राखून ठेवलाय, घाम गाळणाऱ्यानं चार पैसे जास्त मिळवावेत म्हणून. जानेवारी २०२२ ला सहकार खात्यानं एका माणसाला 'हे मजूर नव्हेत' म्हणून अपात्र ठरवलं. तो माणूस मजूर संस्थांच्या गटातून मुंबई बँकेवर निवडून येत होता. कोण? प्रवीण दरेकर, विधान परिषदेतले त्या वेळचे विरोधी पक्षनेते! सरकारला जाब विचारायची ज्याची खुर्ची, त्याच्यावर ही पाळी. आमच्या पाठीवरचं पोतं कुणालाच नको, पण पोत्यावरचा शिक्का सगळ्यांना हवा.

आपल्या पुढाऱ्यांनाही सोडणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्याचे किती तुकडे झाले ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. तत्त्वावरून फुटले असते तर दुःख नव्हतं. एक महामंडळ, एक राज्यमंत्रिपद, एक गाडी, एक ठेका. कालपर्यंत सत्तेला शिव्या घालणारा आज तिच्या बिलांच्या रांगेत उभा. निळं उपरणं गळ्यात आणि टेंडरचा फॉर्म बगलेत. ज्यानं स्वतःच्या पक्षाचा हिशोब कधी वस्तीत वाचला नाही, तो सरकारला कुठल्या तोंडानं हिशोब मागणार?

परभणीकरांनो, १० डिसेंबर २०२४ विसरलात का? स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची काच फुटली. आपण रस्त्यावर आलो. लाठ्या खाल्ल्या, वस्त्यांत शिरून बायापोरांना मारलं. कायदा शिकणारा आपला एक भाऊ कोठडीत गेला आणि १५ डिसेंबरला त्याचं प्रेत आलं. ते रक्त आपण विसरणार नाही. पण ज्यासाठी तो कायदा शिकत होता, ते संविधान काचेत नसतं. कलम १५१ रोज फाटतं, कलम २९९ रोज विकलं जातं, एसी लावलेल्या खोलीत, चहा पीत पीत. तिथं काच फुटल्याचा आवाज येत नाही म्हणून आपण गप्प बसायचं का?

आमच्या मागण्या ऐका.

पक्ष माहिती अधिकाराखाली आलाच पाहिजे. पहिल्या रुपयापासून देणगीदाराचं नाव फळ्यावर.

ज्या कंपनीनं, तिच्या मालकानं, पोटकंपनीनं पक्षाला पैसा दिला, तिला त्या पक्षाच्या सरकारचा ठेका नाही.

लोकलेखा समिती, अंदाज समिती यांच्या बैठका लोकांसमोर. मंत्र्यालाही साक्षीला उभं करा. अहवालावर सभागृहात चर्चा सक्तीची, शिफारस का पाळली नाही ते लेखी द्या.

महालेखापालाचा अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी.

ज्या गावात काम, त्या गावच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक आणि बिल मराठीत वाचा. कुणबी-मराठ्यांच्या ओसरीवर नाही, चावडीवर, जिथं आमची बाईसुद्धा उभी राहून विचारू शकेल.

आणि कुणी देईल याची वाट बघू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या वस्तीतला रस्ता, समाजमंदिर, हॉस्टेल, नळयोजना, एकेक काम धरा. अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तिका मागा, टेप घेऊन रस्ता मोजा, कुदळीनं थर खोदून बघा. कागदावर सहा इंच असेल आणि जमिनीत दोन असेल तर ते चार इंच कुणाच्या पोटात आहेत ते भिंतीवर लिहा. नावासकट. सुरुवात आपल्या पुढाऱ्यानं घेतलेल्या कामापासून करा, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

पिढ्यान्पिढ्या आम्ही वाहिलं, मोजलं त्यांनी. आता मोजायला आम्ही बसणार. हिशोब चुकला तर त्या पन्नास रुपयेवाल्या म्हातारीला घेऊन मंत्रालयाच्या दारात येऊ. तिला इंग्रजी येत नाही, पण बेरीज येते.

जय भीम!